कच्चा दोरा

घरात कुणालाच ठरवता येईना, तेव्हा "मी शिवून ठेवते" म्हणून आत्यानं दोन्ही पास उचलले आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. शिवलं म्हणजे मिटलं. टेलरमास्तरांच्या, म्हणजे बाबांच्या घरात महत्त्वाचं काही कपाटात राहत नाही, ते अस्तरात जातं. ताईचं परीक्षेचं हॉलतिकीट अस्तरात होतं, आईचा नोकरीचा करार सात वर्षं अस्तरात होता, आणि धाकट्या टाचणीचा पडलेला पहिला दात एकदा बाबांच्या जाकिटात सापडला होता. तो तिथं कुणी शिवला, हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

पण मिटलं कुठं होतं? दुकानाच्या व्हॅनमध्ये पुढे बाबा आणि आई, मागे आत्या आणि टाचणी, आणि मधोमध पाचव्या माणसासारखा तो विषय ऐसपैस बसला होता. ताईची चिठ्ठी तिघा मोठ्यांना पाठ झाली होती. "पदवीदान अकरा वाजता. एकीमागे दोनच पास मिळतात. कुणी यायचं ते तुम्हीच ठरवा."

तुम्हीच ठरवा! पाच वर्षं शिकून जनावरांची डॉक्टर झालेली मुलगी, गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, आणि एवढं एक वाक्य पूर्ण लिहिताना मात्र पेन लटपटलं.

"अहो, दारं पावणेअकराला बंद होतात म्हणे," आई म्हणाली.

"पोचतो."

"मधे रस्ता खणलाय म्हणे."

"पोचतो गं."

"व्हॅनपाशी मी थांबणार, हे ठरलंय," टाचणी मागून म्हणाली. टाचणी म्हणजे धाकटी. वय पंधरा, अंगानं तशीच आणि टोचायलाही तशीच. "म्हणजे उरले तीन. तिघांत दोन पास. एवढं गणित तर मी फळ्यावर खडू न लावता सोडवते. मग तुम्ही तिघं रात्रीपासून कुठं अडलायत?"

"टाचणे, तोंड आवर," आत्या म्हणाली.

"आवरलं तर आतल्या आत टोचेल."

मागच्या दांडीवरचे रिकामे हँगर तेवढे एकमेकांवर आपटत राहिले.

*

बाबांना वाटत होतं, आपण जाड झालो.

नवा राखाडी कोट, स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला, आणि सकाळपासून मुंढ्यात काचत होता. स्टिअरिंग वळवलं की काखेत ओढ बसायची. गिऱ्हाइकाच्या अंगावरची चिमूटभर चूक त्यांना रस्त्यापलीकडून दिसे. महागातलं कापड टेबलावर पसरलं की ते श्वास रोखून एकदाच कात्री चालवत, दुसरा विचार नाही. आणि इथं तीन माणसांतून एकाला कापायचं म्हटलं की कात्री उचलवत नव्हती.

मी नाही जात, असं त्यांनी काल रात्री आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. मग दोघी जातील, शेजारी शेजारी बसतील. आणि मग दोन तास दोघी शेजारी बसून काय बोलतील, या विचारानं त्यांनी ते वाक्य आरशासमोरच सोडून दिलं होतं.

सात वर्षं आई लांबच्या शहरात हॉस्पिटलात नर्स होती. वर्षाला पंधरा दिवस घरी येई. ती गेली तेव्हा टाचणी पाच वर्षांची होती आणि ताई तेरा. आई परत आली तीन वर्षांपूर्वी, तोवर ताई हॉस्टेलवर गेलेली. मधल्या वर्षांत पोरींच्या वहीत "पालकाची सही" या जागी आत्याची सही होती, पालकसभेला आत्या होती, बक्षीस समारंभाला तिसऱ्या रांगेत पर्स पोटाशी धरून आत्याच होती.

बाबा? बाबा दुकानात होते. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण आज कोट काचत होता तो नुसता मुंढ्यात नव्हे.

*

आत्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि अंगठ्यानं रीळ फिरवत होती. प्रवासाला निघाली तरी तिच्या पर्समध्ये सुई आणि रीळ असायचंच. कच्चा दोरा, पांढरा. आधी कच्चा टाका घालायचा, मग मशीन. पांढराच, कारण तो दिसायला हवा आणि नंतर उसवायला हवा. कच्चं घालताना ती दोरा रिळापासून तोडत नसे. "तुकडे करायचे, परत ओवायचं, कोण बसलंय रिकामं?" सुई पुढे पळायची आणि रीळ मागे गरगरायचं.

मोठे पडदे असले की दोन माणसं लागत. एक रिळाशी, एक सुईशी, मधे दहा-बारा हात कापड. सुईवालीनं शेवटी पोचून गाठ मारली की दोरा दोनदा ओढायचा. "इकडे गाठ बसली, तिकडून तोड." हाक मारायची गरज नाही. लग्न होऊन आलेली वहिनी पहिल्या आठवड्यात ते शिकली होती. तेव्हा दुपारभर दोघी पडद्याच्या दोन टोकांना बसत. परत आल्यापासून एकदाही बसल्या नव्हत्या. वहिनी हात पुढे करी आणि आत्या म्हणे, "राहू दे, तू दमली असशील." तीन वर्षं वहिनी दमलेलीच होती.

*

आईनं एक वाक्य तयार ठेवलं होतं. "वन्सं, तुम्हीच जा." काल जेवताना ते ओठांवर आलं होतं. आज व्हॅनमध्ये बसताना आलं होतं. तिनं रक्त पाहिलं होतं, माणसं जाताना त्यांचा हात धरला होता, पण हे तीन शब्द बाहेर पडेनात. कारण वन्सं "बरं" म्हणाल्या तर?

ताईला स्टेजवर तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिले होते ते फोटो, तेही पोस्टानं आलेले, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला वन्संच्या पर्सचा कोपरा.

*

पेट्रोल पंपावर थांबले तेव्हा साडेनऊ झाले होते. थर्मासमधला चहा निघाला, उकडलेली अंडी निघाली. बाबांनी कोट काढला आणि बॉनेटवर पसरला.

"अक्का, पास आत्ताच काढून ठेव. तिथं दारात उसवत बसायला नको."

आत्यानं छोटी कात्री घेतली, डाव्या बाजूच्या अस्तराची शिवण तीन बोटं उसवली आणि आत बोट घातलं. मग दोन बोटं घातली. मग शिवण वीतभर उसवली.

"काय झालं?" आई म्हणाली.

आत्यानं कोट उलटा केला. झटकला. खाली पडला तो नुसता उसवलेला दोरा.

"हा टाका माझा नाही," ती म्हणाली. "ही शिवण मशीनची आहे. मी हातानं घातली होती."

बाबांनी कोट ओढून घेतला. आतल्या खिशावर दोन बारीक अक्षरं भरलेली होती. ती त्यांनी स्वतः भरली होती, चार दिवसांपूर्वी, दातांच्या डॉक्टरांसाठी. एकाच थानातले दोन कोट. छाती तीच, लांबी तीच, खांदा फक्त अर्ध्या इंचानं कमी.

"मी… इस्त्रीला दोन्ही एकत्र घेतले होते," बाबा म्हणाले. "काल संध्याकाळी डॉक्टर आले, मी त्यांना…"

"त्यांना आपला दिलात," आई म्हणाली.

"सकाळपासून काचतोय! मला वाटलं मी जाड झालो!"

"बाबा, जगातले तुम्ही पहिले टेलर आहात, ज्यांना स्वतःचा कोट ओळखता आला नाही," टाचणी म्हणाली, पण तिचाही आवाज चिरकला. "डॉक्टरांना फोन करा ना!"

"ते आज पहाटेच्या विमानानं परिषदेला गेले. त्यासाठीच तर शिवला होता."

पंपावरच्या माणसानं विचारलं, गाडी पुढे घेता का. एक अंडं बॉनेटवरून घरंगळत जाऊन खाली पडलं.

"म्हणजे आत कुणीच नाही," आई हळूच म्हणाली. "तिथं सगळ्यांची माणसं असणार, आणि हिचं कुणीच नाही."

आत्या कात्रीकडे बघत होती. "दोन्ही नव्हते त्यात."

"काय?"

"कोटात एकच होता. दुसरा हिच्या जाकिटात आहे."

आईनं आपल्या विटकरी जाकिटाकडे असं पाहिलं, जणू आत कुणीतरी हललं. परवा वन्संनी ते मागून नेलं होतं. बटण सैल झालंय म्हणाल्या होत्या.

"मग तुम्ही कुठं बसणार होतात?"

"व्हॅनमध्ये. टाचणीबरोबर. अंडी सोलत."

"आणि मला न विचारता ठरवलंत?"

"विचारून तू हो म्हणाली असतीस?"

"तो प्रश्न वेगळा!" आईचा आवाज पंपावर पार त्या टोकाला गेला. "म्हणजे वाढवायचं तुम्ही आणि आत बसून टाळ्या वाजवायच्या मी? लोक विचारतील, काय हो, तुमची का मुलगी? तर काय सांगू? हो, पण ही जागा मला बक्षीस मिळालीय?"

"मग काय चिठ्ठ्या टाकायच्या होत्या? का नाणं उडवायचं होतं?" आत्याही आता चढली. "मी सगळं पाहिलंय तिचं! सगळं! लिंबू-चमच्याच्या शर्यतीपासून! एक नाही पाहिलं तर मरत नाही मी!"

"मी जातच नाही," बाबा मधे म्हणाले. "तुम्ही दोघी जा."

"एकच आहे आता!" दोघी एकदम ओरडल्या, त्यांच्यावर, एकाच सुरात.

टाचणीनं अंडं तोंडात कोंबलं. तीन वर्षांत ही दोघी पहिल्यांदा एका बाजूला उभ्या होत्या, आणि तेही बाबांच्या विरुद्ध. बरं चाललंय की वाईट, तिला कळेना.

*

सव्वादहा. मोठी काचेची दारं, पायऱ्यांवर फुलं, फोटो काढणारी माणसं, आणि लाल टायवाला दारवान. "एका पासावर एकच. बाकीच्यांनी लॉबीत पडद्यावर बघायचं."

आईनं आत्याच्या हातातली कात्री घेतली आणि पायऱ्यांवरच जाकिटाचं अस्तर उसवलं. शिवण इतकी बारीक होती की दोनदा कात्री घसरली. पास निघाला, घडी न पडलेला, कडक. कात्री तिनं खिशात टाकली आणि पास आत्याच्या हातात कोंबला.

"जा."

"नाही."

"वन्सं, मी पाया पडू का इथं?"

"पडून बघ. मी तुझ्याहून आधी पडेन."

पास एका हातातून दुसऱ्या हातात गेला, परत आला, जमिनीवर पडला. टाचणीनं तो उचलला. "ऐका! वीस मिनिटं राहिलीत! आत जी जाईल ती जाईल, पण कुणी नाही गेलं तर ताईला मी सांगणार, की तुझी माणसं पायऱ्यांवर एकमेकींच्या पाया पडत होती!"

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. ताई होती, धापा टाकत.

"बाबा, आत्या आहे जवळ? गाऊन पायात येतोय. छोटे सगळे संपले. आत्ताच पायरीवर आपटले मी. स्टेजला चढायला चार पायऱ्या, उतरायला चार. इथल्या बाई म्हणतात पिना लावा, तर पिनाही संपल्यात. आत्याला मागच्या दारानं पाठवा, मी सांगून ठेवलंय. लगेच!"

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. आईनंही ऐकलं. लेकीला गरज पडली आणि तोंडात नाव आलं ते आत्याचं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि तिनं ते तिथंच दाबलं, नर्सेस दाबतात तसं.

"जा वन्सं. पळा."

आत्या दोन पावलं पळाली आणि थबकली. पर्स उघडली. "काळा दोरा दुकानातच राहिला. माझ्याकडे पांढराच आहे. काळ्या गाऊनवर पांढरा! हजार माणसांसमोर!"

"आतून घाला, दिसणार नाही. पळा!"

आत्या पळाली. साठीची बाई, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात रीळ. पास आईच्या हातात उरला. आता तो कुणाला द्यायचा, हा प्रश्नच राहिला नव्हता, आणि तरी तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"जा गं," बाबा म्हणाले. "मी नाहीतरी दुसऱ्याच्या कोटात आहे."

*

मागचं दार सापडून आत्या आत पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. स्टेजच्या पडद्यामागे अंधूक दिवा होता. ताई स्टुलावर उभी, आत्या खाली गुडघ्यांवर. गाऊनचा घेर प्रचंड. आत्यानं कड आत दुमडली, सुई घातली आणि लांब लांब टाके पळवायला सुरुवात केली. रीळ शेजारी पेन्सिलीवर अडकवलेलं, गरगर फिरत होतं.

"आत कोण बसलंय?" ताईनं विचारलं.

"तुझी आई."

"आणि बाबा?"

"बाबा दातांच्या डॉक्टरांच्या कोटात लॉबीत उभे आहेत."

"काय?"

"हलू नकोस."

पलीकडे नावं पुकारली जात होती. टाळ्या येत होत्या, जात होत्या. ताई म्हणाली, "आत्या, मी 'तुम्हीच ठरवा' का लिहिलं माहितेय?"

"भित्री आहेस म्हणून. बापावर गेलीस."

"तुझं नाव लिहिलं असतं तर आई… आणि आईचं लिहिलं असतं तर तू…"

"हलू नकोस म्हटलं ना! टाका वाकडा जातोय." टाका वाकडा जात नव्हता. आत्याला सुईच दिसत नव्हती, डोळे भरले होते.

अर्धा हात राहिला असताना ताईचं नाव आलं. आधीच्या दोघी गैरहजर निघाल्या. "चला, चला!" कुणीतरी ताईला पुढे ढकललं. आत्यानं सुई घाईघाईनं कडेत टोचली आणि कात्रीसाठी पर्समध्ये हात घातला.

कात्री नव्हती. कात्री वहिनीच्या खिशात होती.

दातांनी तोडावा तर ताई निघालीसुद्धा. आणि दोऱ्याला गाठ नव्हती. कुठं अडकला, ताणला, तर टाके सरसर निघून येतील, कड सुटेल आणि पोरगी त्या चार पायऱ्यांवरून हजार माणसांसमोर तोंडावर आपटेल. आत्यानं पेन्सिल दोन्ही हातांत आडवी धरली आणि रीळ मोकळं सोडलं. फिर रे, फिर. अडकू नकोस. रीळ फिरलं. पांढरा दोरा पडद्याखालून स्टेजवर निघून गेला.

*

लॉबीतल्या पडद्यावर ताई चार पायऱ्या चढली. बाबांनी डोळे बारीक केले.

"दोरा तोडायला विसरली अक्का."

"आत्या काही विसरत नाही," टाचणी म्हणाली. मग तिला आठवलं, पायऱ्यांवर कात्री कुणाच्या खिशात गेली ते. "बाबा! कात्री आईकडे आहे!"

बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला आणि तो सोडायला विसरले.

*

चौदाव्या रांगेत आईला तो दोरा दिसला. बाकी कुणाला दिसला नसेल. काळ्या गाऊनच्या मागे, चकचकीत स्टेजवर, केसाएवढी पांढरी रेघ. ताई पुढे जात होती, रेघ लांबत होती, आणि तिचं दुसरं टोक पडद्यामागे होतं. तिथं कोण आहे हे तिला विचारावं लागलं नाही.

ताईनं पदवी घेतली. हात मिळवला. टाळ्या झाल्या. आईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उठली होती. खिशातल्या कात्रीवर मूठ आवळून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत, "माफ करा, माफ करा," करत ती रांगेतून बाहेर पडली. कुणीतरी म्हणालं, बाई, बसून घ्या. तिनं ऐकलं नाही. गाऊनची कड एका बाजूनं सुटायला लागली होती आणि ताई उतरायच्या पायऱ्यांशी पोचली होती.

"थांब," आई म्हणाली. "पाय टाकू नकोस. थांब, बाळा."

ताई थांबली. आई सगळ्यांसमोर वरच्या पायरीवर गुडघे टेकून बसली.

*

पडद्यामागे रीळ फिरायचं थांबलं.

आत्या कान देऊन ऐकू लागली. पडली? टाळ्या चालूच होत्या, पण टाळ्यांवरून काय कळतं! दोरा जमिनीवर नुसता पडून राहिला, ढिला, मेल्यासारखा. तिनं तो दोन बोटांत उचलला. ओढायची हिंमत होईना. एक, दोन, तीन, किती वेळ गेला कोण जाणे.

मग दोरा किंचित ताणला गेला. आणि बोटांत दोनदा ओढ आली. छोटी, नेमकी, एकसारखी.

ताईचे हात उतावळे होते. ती असं कधीच ओढत नसे.

आत्या तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मग तिनं दोरा तोंडाशी नेला आणि दातांनी तोडला.